नुसते भगवे घातले की संन्यास झाला का? मग काकूंचं आणि जमिनीचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की मोठे काका सातपूरच्या कंपनीतून रिटायर झालेत, आता भगवे घालून त्र्यंबकला आश्रमात राहायचं म्हणतात, निफाडकडे थोडी वडिलोपार्जित जमीन आहे, घरी काकू आहेत, तर संन्यास घेतला की नेमकं काय होतं. मी वकील नाही, पण रजिस्ट्री ऑफिसबाहेर दस्त लिहिण्यात आयुष्य गेलं आणि राहायला पंचवटीत, त्यामुळे साधू आणि सातबारा दोन्ही रोज डोळ्यांसमोर असतात.

पहिली गोष्ट, नुसते भगवे घातल्याने काही होत नाही, ना धर्मात ना कोर्टात. शास्त्राप्रमाणे संन्यास घ्यायचा तर आधी स्वतःचं श्राद्ध स्वतःच करायचं, स्वतःच्या नावाने पिंड द्यायचे, मग विरजा होम (शुद्धीचा होम), शेंडी आणि जानवं असेल तर ते टाकायचं, आणि सगळ्यांसमोर प्रैष मंत्र म्हणायचा की मी सोडलं. म्हणजे त्या दिवशी जुना माणूस मेला. म्हणूनच संन्याशाला पुढे सहसा अग्नी देत नाहीत, समाधी देतात. आपल्या जुन्या हिंदू कायद्याने हेच उचललं आणि त्याला नाव दिलं सिव्हिल डेथ, माणूस जिवंत पण घरच्या हिशोबात मयत. सुप्रीम कोर्टाने 1980 च्या कृष्ण सिंग विरुद्ध मथुरा अहिर या केसमध्ये साफ सांगितलंय की मी संन्यासी झालो असं नुसतं म्हणून किंवा तसे कपडे घालून चालत नाही, संसारातून खरोखर बाहेर पडावं लागतं आणि आवश्यक ते विधी झालेले असावे लागतात. (त्याच केसमध्ये शूद्राला संन्यास घेता येतो का हा पण वाद होता, आणि पंथाची तशी रूढी असेल तर येतो असं कोर्टाने मान्य केलं.)

बाय द वे, कुंभात रामकुंडावर जे साधू दिसतात त्यातले बरेचसे त्या अर्थाने संन्यासी नसतातच. नाशकात वैष्णवांचे तीन आखाडे येतात, दिगंबर, निर्मोही, निर्वाणी, ते बैरागी. दशनामी संन्यासी, म्हणजे गिरी, पुरी, भारती, सरस्वती वगैरे, त्यांचं स्नान त्र्यंबकला कुशावर्त कुंडावर. तेव्हा काका नक्की कोणाकडे दीक्षा घेणार ते आधी विचारा, पंथ बदलला की विधी बदलतात, नियम बदलतात.

आता काकूंचं. काकांनी संन्यास घेतला म्हणून लग्न आपोआप मोडत नाही. हिंदू विवाह कायदा 1955, कलम 13, त्यात जोडीदाराने एखाद्या धार्मिक पंथात प्रवेश करून संसार सोडला तर दुसऱ्याला घटस्फोट मागायचा हक्क आहे. हक्क, सक्ती नाही. काकूंनी केस टाकली नाही तर त्या कागदावर काकांच्या बायकोच राहणार. अल्पवयीन मूल असेल तर 1956 च्या पालकत्व कायद्यात स्पष्ट आहे की ज्याने पूर्णपणे आणि कायमचा संसार सोडला, वानप्रस्थ किंवा यती-संन्यासी झाला, तो नैसर्गिक पालक राहत नाही. आणि दत्तकाच्या कायद्यात असं की बायकोने पूर्णपणे आणि कायमचा संसार सोडला असेल तर नवऱ्याला दत्तक घ्यायला तिची संमती लागत नाही. दोन्हीकडे ते शब्द बघा, पूर्णपणे आणि कायमचा. दिवाळीला घरी येऊन फराळ करून परत आश्रमात जाणारा माणूस यात बसवणं अवघड. पोटगीचंही तेच, भगवे घातले म्हणून बायकोच्या पोटापाण्याची जबाबदारी सुटली असं कोणी काकांना सांगत असेल तर त्याच्या नादी लागू नका, विशेषतः पेन्शन चालू असताना.

पेन्शनवरून आठवलं. ख्रिश्चन नन आणि फादर अनुदानित शाळांत शिकवतात, पगार सगळा संस्थेला देतात, कारण गरिबीचं व्रत घेतलेलं असतं. त्यांचं म्हणणं की व्रतामुळे आम्ही कायद्याने मेल्यासारखेच, मग आमच्या पगारातून टीडीएस का कापता. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर 2024 मध्ये ते मान्य केलं नाही. पगार तुमच्या नावाने निघतो, पुढे तो कुणाला द्यायचा हा तुमचा प्रश्न. मला हे पटतं. व्रत तुमच्या आणि देवाच्या मधलं, इन्कम टॅक्सवाल्याला त्याच्याशी काय देणंघेणं. उलटी बाजू पण आहे, डिसेंबर 2016 पासून साधू-संन्याशांना पासपोर्टच्या अर्जात आईवडिलांच्या जागी गुरूचं नाव लिहिता येतं, फक्त आधार, पॅन किंवा व्होटर कार्डासारख्या एखाद्या सरकारी कागदावर ते नाव आधीपासून असलं पाहिजे. म्हणजे संसार सोडायचा असला तरी आधी आधार अपडेट करा.

आणि सगळं सोडलेल्यांचा पैशाशी संबंध, हे आजचं नाही. कधी पांडवलेणीला गेलात तर दहा नंबरच्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे, क्षत्रप राजा नहपानाचा जावई, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. भिक्खूंसाठी लेणं खोदून दिलं, वर 3000 कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या संघांकडे, ठेवले. गोवर्धन म्हणजे आपलं गंगापूरजवळचंच. त्यातले 2000 एका श्रेणीकडे महिना शेकडा एकने, 1000 दुसरीकडे शेकडा पाऊणने. दोन हजाराचं वर्षाचं व्याज 240, आणि लेण्यात वर्षावासाला (पावसाळ्यातल्या मुक्कामाला) राहणारे भिक्खू 20, प्रत्येकी 12 कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. हिशोब तंतोतंत बसतो, मुद्दल कधी काढायची नाही असंही लिहिलंय. ज्यांनी सगळं सोडलं त्यांच्या कपड्यासाठी कोणीतरी एफडी करूनच ठेवलेली. काकांच्या आश्रमातही खर्च कोण करतं ते एकदा बघून या.

जमिनीचं सांगतो, माझा विषय. संन्यासाचा कुठला दाखला घेऊन तलाठ्याकडे गेलात म्हणून काकांचं नाव सातबाऱ्यावरून कमी होत नाही. जिवंत माणसाने हिस्सा सोडायचा तर रजिस्टर्ड हक्कसोडपत्र लागतं, त्यावरून फेरफार. आणि हक्कसोड म्हटलं की सगळ्यांना वाटतं घरच्याच माणसाला करायचंय, काय होतंय. आमच्याकडे हा कागद कोण करतं माहितीये? बहिणी. बाप जाऊन वर्ष झालेलं नसतं, भाऊ गाडी करून सगळ्यांना घेऊन येतो, फोटो काढायच्या मशीनपुढे बहीण पदर सावरते, अंगठा ठेवते, बाहेर आल्यावर सगळे मिळून चहा-भजी. कोणी विचारत नाही की ताई, तुला खरंच सोडायचंय का. माझ्या मते नाशिक जिल्ह्यात खरा त्याग साधूंपेक्षा या बायकांच्या नावावर जास्त निघेल, फरक इतकाच की त्यांच्या पाया कोणी पडत नाही. (आणि वडील हयात असताना त्यांच्या स्वतःच्या कमाईच्या जमिनीत पुढे मिळणारा हिस्सा आत्ताच सोडला असा कागद करून आणतात लोक, तो टिकत नाही, पुढे मिळेल अशी नुसती आशा कायद्याने विकता किंवा देता येत नाही.)

काका विठ्ठलपंतांचं, म्हणजे ज्ञानेश्वरांच्या वडिलांचं, उदाहरण देत असतील तर पुढचं पण सांगा. विठ्ठलपंतांनी बायकोला मागे सोडून काशीला संन्यास घेतला, पुढे गुरूंना आळंदीत रुक्मिणीबाई भेटल्या, लग्न झालेलं कळलं आणि गुरूंनीच त्यांना परत संसारात पाठवलं. परिणाम भोगले पोरांनी, संन्याशाची पोरं म्हणून. त्यातले थोरले निवृत्तिनाथ, ज्यांची समाधी त्र्यंबकला आहे आणि पौष वद्य एकादशीला ज्यांच्यासाठी दिंड्या येतात, त्यांना ब्रह्मगिरीवर गहिनीनाथांकडून नाथपंथाची दीक्षा मिळाली. म्हणजे ज्या गावाला काका निघालेत त्या गावाचा संतच संन्याशाचं पोर. मनुस्मृतीतही आधी तीन ऋणं (देव, ऋषी, पितर यांची) फेडा मग मोक्षाचं बघा असंच आहे.

मला विचाराल तर काकांना दीक्षेची घाई करू देऊ नका. वर्षभर आश्रमात राहून बघू दे, वानप्रस्थासारखं, त्याला होम लागत नाही की हक्कसोड लागत नाही. तेवढ्या वेळात जमिनीतला काकांचा हिस्सा काकूंच्या नावे बक्षीसपत्राने करता येतो का ते चांगल्या दिवाणी वकिलाला विचारा, वडिलोपार्जित आहे म्हणून आधी वाटणी झालीये का ते तपासा. बँकेत आणि पेन्शनला नॉमिनी कोण ते पण बघा, बऱ्याचदा तिथे अजून वारलेल्या आईचं नाव असतं. आणि एवढं करूनही दीक्षा घेतलीच, तर विधी कुठे झाला, कधी झाला, गुरू कोण, याचं आश्रमाकडून लेखी घ्या आणि फोटो काढून ठेवा. उद्या कोर्टात काकूंना किंवा चुलत भावांना काही सिद्ध करायची वेळ आली तर तेच लागणार आहे.