दोन्ही हातांनी दिलेलं कार्टन

प्रश्न: ताई, मी साताऱ्याची, नवरा चिनी. न्यूयॉर्कला फ्लशिंगमध्ये राहतो. सासरे फूचौचे, इथे आल्यापासून हॉटेलच्या भटारखान्यात राबले. रोज पाकीटभर सिगारेटी लागतात. जिन्यात ओढतात आणि तोच कोट अंगावर ठेवून माझ्या पाच महिन्यांच्या लेकीला उचलतात. चीनहून येताना आम्ही एक कार्टन आणतो, तेवढेच ते खूश. नवरा म्हणतो, वडीलधाऱ्यांना बोलायचं नसतं. त्यांना न दुखावता कसं सांगू?

उत्तर: अगं, कोट, जिना, बाळ सगळं लिहिलंस आणि कार्टन एका ओळीत उरकलंस. मी तिथेच अडकले. कार्टनमध्ये दहा पाकिटं, म्हणजे 200 सिगारेटी. त्यांचा दहा दिवसांचा धूर तुम्ही स्वतः दोन्ही हातांनी देता.

आणि ते काय समजतात? पोराने आठवण ठेवली. चीनमध्ये जवळपास निम्मे पुरुष सिगारेट ओढतात. तिथे सिगारेट पुढे करणं म्हणजे मान देणं. लग्नात नवरी पाहुण्यांना सिगारेट पेटवून देते. आपल्या गावाकडे तंबाखूची चंची पुढे झाली की परका माणूस ओळखीचा होतो, तसंच. परमुलखात, इंग्रजी येत नसताना, भटारखान्याच्या मागच्या दाराशी त्यांना चार माणसं जोडली असतील ती त्या पाकिटावरच. मला त्यांचा राग येत नाही. राग येतो तुझ्या नवऱ्याचा. बापाशी बोलताना याची जीभ रेटत नाही, कार्टन उचलताना हात बरा रेटतो!

तेव्हा कार्टन बंद. एक पाकीटसुद्धा नाही. आणि हे तू सांगायचं नाहीस. लेकाने बापाजवळ बसून, त्यांच्या फूचौच्या बोलीत सांगायचं: "बाबा, हे मी आता आणणार नाही. मला तुम्ही हवे आहात." त्याआधी त्याने 'एशियन स्मोकर्स क्विटलाइन'ला, म्हणजे सिगारेट सोडायला फोनवरून मदत करणाऱ्या सेवेला, फोन लावावा. 2012 मध्ये ती अमेरिकाभर सुरू झाली. मँडरिन आणि कँटनीजमध्ये बोलतात, पैसे घेत नाहीत, घरच्यांनी फोन केला तरी मदत करतात. आजवर म्हाताऱ्याला त्याला कळेल अशा भाषेत कुणी विचारलंय का, "सोडायचीय का?"

सासरे रुसतील. दोन दिवस ताटावरून उठतीलही. रुसू देत. कोट मात्र आजपासून दाराबाहेरच्या खुंटीला, आणि हात धुतल्याशिवाय बाळ हातात नाही.

पुढची तिकिटं कधीची आहेत ते मला कळव.