दावा परदेशात आणि मालमत्ता भारतात असेल, तर इथले न्यायालय ती गोठवू शकते का?

लंडनच्या न्यायालयात वसुलीचा दावा चालू असताना प्रतिवादीचा पुण्यातील फ्लॅट इथल्या न्यायालयाकडून गोठवून घेता येईल का, असे आपण विचारले आहे. बहुधा येणार नाही. हाच प्रश्न 2018 साली मला पडला आणि त्याचे उत्तर आमच्या घराला 41 लाखांना पडले, म्हणून लिहितो आहे.

निफाड तालुक्यातून आम्ही द्राक्षे निर्यात करतो. त्या हंगामात लंडनमधील एका व्यापाऱ्याला थॉमसनचे तीन कंटेनर पाठवले. माल उतरवून घेतल्यावर त्याने मणीगळीची तक्रार काढली आणि सगळी रक्कम थकवली. वादाचा निवाडा फक्त इंग्लंडमधील न्यायालयात होईल असे कलम करारात असल्यामुळे दावा तिथेच लावावा लागला. गृहस्थ मूळचा इकडचाच, ठाण्यात त्याच्या नावावर फ्लॅट होता, आणि दावा लागल्यावर दोन महिन्यांतच तो विक्रीला निघाल्याचे एका एजंटाकडून कळले. आम्ही ठाण्याच्या दिवाणी न्यायालयात मनाई हुकुमासाठी अर्ज केला. न्यायाधीशांनी कागद चाळून एवढेच विचारले, “मूळ दावा कोणत्या न्यायालयात आहे?” आमच्या वकिलांनी लंडनचे नाव घेतले तेव्हाच अर्जाचे भवितव्य मला कळले.

त्या न्यायाधीशांना मी आजही दोष देत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश 38 नियम 5 खालची निकालापूर्वीची जप्ती काय किंवा आदेश 39 खालचा मनाई हुकूम काय, दोन्ही त्याच न्यायालयापुढील दाव्याच्या आधाराने मिळतात. अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतची तात्पुरती, दाद ही मुख्य दादीच्या पोटातली असते, हे सर्वोच्च न्यायालयाने मदन गोपाल रुंगटा प्रकरणात फार पूर्वीच सांगितले आहे. परदेशी दाव्याच्या मदतीसाठी स्वतंत्र गोठवणूक देणारे कलम आपल्या संहितेत नाही. इंग्लंडलाही ही अडचण होती. 1977 च्या ‘सिस्किना’ निकालाने तिथल्या न्यायालयांचे हात बांधले होते, पण 1982 च्या कायद्यात परदेशी दाव्यांसाठी अंतरिम दाद देणारे कलम 25 आले आणि 1997 मध्ये ते जगातील कोणत्याही देशातील दाव्यांना लागू झाले. तिथेही मर्यादा आहेच, कारण असा हुकूम देणे गैरसोयीचे ठरेल असे वाटल्यास न्यायालय नकार देऊ शकते. ऑक्टोबर 2021 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटनबाहेरील काही प्रदेशांची शेवटची अपिले ऐकणाऱ्या लंडनमधील न्यायपीठाने, ‘ब्रॉड आयडिया’ प्रकरणात चार विरुद्ध तीन मतांनी सिस्किनाची चौकट मोडली आणि गंमत अशी की अधिकार मान्य होऊनही अर्जदाराच्या हाती हुकूम पडला नाही.

मग लंडनमधूनच जगभरच्या मालमत्तेवर गोठवणुकीचा हुकूम का घेतला नाही, असे आपण विचाराल. तो हुकूम व्यक्तीवर बजावला जातो. तो मोडणाऱ्याला तिथे तुरुंग दिसू शकतो, पण ठाण्यातील खरेदीदारावर किंवा दुय्यम निबंधकावर तो आपोआप बंधनकारक नसतो. शिवाय हुकूम चुकीचा ठरल्यास प्रतिवादीचे नुकसान भरून देण्याची हमी लिहून द्यावी लागते, आणि 41 लाखांसाठी तेवढी जोखीम घेण्याची आमची ऐपत नव्हती.

आता मूळ दुखणे सांगतो. करार करताना मी लवादाचे कलम सुचवले होते आणि आमच्या दादांनी ते स्वतःच्या हाताने खोडले. लवादाची फी म्हणजे उधळपट्टी, न्यायालय ते न्यायालय, असे त्यांचे म्हणणे. 2012 च्या ‘बाल्को’ निकालानंतर दादांचा मुद्दा काही काळ टिकला असता, कारण परदेशात बसणाऱ्या लवादासाठी भारतीय न्यायालयाकडून अंतरिम दाद मिळण्याचा मार्ग त्या निकालाने बंद केला होता. परंतु ऑक्टोबर 2015 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने, उलट करार नसेल तर, लवाद कायद्याच्या कलम 9 ची अंतरिम दाद अशा लवादांनाही मिळू लागली. म्हणजे लवाद लंडनमध्ये बसला असता तरी ठाण्याच्या फ्लॅटसाठी आम्हाला मुंबई उच्च न्यायालयाचे दार ठोठावता आले असते. हे दादांना मी तीनदा समजावले आहे. ते अजूनही फीचाच हिशेब काढतात.

आपल्या करारात परदेशी न्यायालयाची सक्ती नसेल, तर एक वाट आहे. संहितेच्या कलम 10 च्या स्पष्टीकरणानुसार परदेशात दावा प्रलंबित असला तरी त्याच कारणावर इथे दावा लावण्यास आडकाठी नाही, फक्त इथल्या न्यायालयाला अधिकारक्षेत्र हवे. त्या दाव्यात जप्ती मागता येईल. मात्र प्रतिवादी मालमत्ता विकतो आहे एवढे दाखवून भागत नाही. वसुली बुडवण्याच्या हेतूनेच विकतो आहे, हे दाखवावे लागते. लंडनच्या उच्च न्यायालयाचा पैशाचा हुकूमनामा हाती आल्यावर कलम 44 अ खाली इथे थेट दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, लावता येते. आम्हीही ती लावली, तेव्हा फ्लॅट विकून सात महिने झाले होते. विक्री कर्जबुडवी असल्याचे सांगून मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 53 खाली ती रद्द करून घेण्याचा दावा आता ठाण्यातच चालू आहे, आणि या वेळी मूळ दावा कुठे आहे असे कोणी विचारलेले नाही.