गाडीखालचा लाल ठिपका : जुन्या फॅमिली गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गळती

दहा-पंधरा वर्षे साऱ्या कुटुंबाला घेऊन हिंडलेली सात-आठ आसनांची गाडी आणि तिच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सखाली पडणारे तेल, या एकाच विषयावरची काही पत्रे येथे एकत्र घेतली आहेत. बहुतेकांनी खर्चाचा प्रश्न आधी विचारला आहे. मी मात्र प्रत्येक वेळी तेल नेमके कोठून येते आहे, तेथूनच सुरुवात करणार आहे, कारण तोच थेंब एका जागेहून आला तर वायसर बदलून भागते आणि दुसऱ्या जागेहून आला तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो.

प्रश्न (ठाणे) : आमची २०१६ ची इनोव्हा क्रिस्टा ऑटोमॅटिक आहे. सकाळी पार्किंगमध्ये गाडीखाली लालसर ठिपके दिसतात. एक मेकॅनिक म्हणतो कूलंट आहे, दुसरा म्हणतो गिअरबॉक्सचे तेल. कोणावर विश्वास ठेवावा?

उत्तर : दोघांवरही लगेच नको. टोयोटाचे कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, गुलाबी असते आणि गिअरबॉक्सचे तेल लाल, त्यामुळे फरशीवर पडलेल्या ठिपक्याच्या रंगावरून निवाडा केला तर चूक होण्याची शक्यता बरीच असते. ठिपक्यावर बोट टेकवून पाहा. कूलंट पाण्यासारखे पातळ लागते, त्याला गोडसर वास असतो आणि ते वाळले की कडेने गुलाबी-पांढरी खपली धरते. गिअरबॉक्सचे तेल दोन बोटांत चोळले की बुळबुळीत लागते आणि वाळत नाही. ते जुने झाले की लालाचे तपकिरी होते आणि जळकट वास येऊ लागतो. ज्या गाड्यांत पॉवर स्टिअरिंग तेलावर चालते, त्यांपैकी अनेकींत स्टिअरिंगचे तेलही लालच असते, म्हणून त्या टाकीची पातळीही पाहून घ्यावी. एसी लावून आल्यावर पडणारे स्वच्छ पाणी अर्थातच गळती नव्हे.

त्यानंतर जागा. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा सरकवा, त्यावर पुढच्या चाकांच्या खुणा करा आणि सकाळी ठिपका कोठे आहे ते पाहा. क्रिस्टाचे इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेले असून गिअरबॉक्स त्याच्या मागे, साधारण पुढच्या आसनांच्या खाली येतो. ठिपका रेडिएटरच्या रेषेत असेल तर कूलंट किंवा तेलाच्या कूलरच्या नळ्यांचा संशय घ्यावा. पुढच्या आसनांच्या खाली असेल तर पॅनचे (गिअरबॉक्सच्या तळाशी तेल साठवणाऱ्या पत्र्याच्या भांड्याचे) गॅस्केट, ड्रेन प्लगचा वायसर किंवा प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडा, गिअरबॉक्समध्ये शिरतो तेथील मागचे ऑइल सील. हे मागचे सील गळत असेल तर शाफ्ट फिरताना तेल आजूबाजूला भिरकावतो आणि गाडीच्या तळाला तेलाचा पट्टाच्या पट्टा दिसतो, ही त्याची ओळख. एक सावधगिरी मात्र हवी : गाडी चालत असताना वारा तेल मागे ढकलतो, त्यामुळे जेथे तेल दिसते त्याच्या पुढे आणि वरच्या बाजूला गळतीचे मूळ असते. म्हणूनच तळ आधी धुऊन कोरडा करून घ्यावा, गाडी २०-३० किलोमीटर चालवावी आणि मग लिफ्टवर चढवून पाहावे. तरीही सापडले नाही तर तेलात मिसळायचा चमकणारा रंग आणि निळसर-जांभळ्या प्रकाशाचा टॉर्च अनेक गॅरेजांत असतो, तो वापरण्याचा आग्रह धरा.

राहिली पातळी. या गिअरबॉक्सला तेल मोजायची दांडी नाही. इंजिन चालू ठेवून, तेल साधारण चाळीस अंशांच्या आसपास असताना, पातळीचा प्लग उघडून तेल जेमतेम थेंब-थेंब ओघळते का हे पाहायचे असते. तेल गरम झाले की फुगते, म्हणून कढत तेलावर मोजले तर पातळी खोटी जास्त दिसते आणि गिअरबॉक्स प्रत्यक्षात उपाशी राहतो. “साहेब, थोडे टॉप-अप करून दिले” असे कोणी म्हणाले तर तापमान कशाने पाहिले, एवढाच प्रश्न विचारा. उत्तर ऐकूनच बरेच काही कळेल.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी) : २००८ ची होंडा ओडिसी आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात त्या जागेतून तेल टपकते. गिअर नीट पडतात, पण दुकानदार दुसरा गिअरबॉक्सच बसवा म्हणतो. गाडी मुलांना शाळेत सोडण्यापुरतीच उरली आहे.

उत्तर : गिअर नीट पडत असताना, केवळ त्या सांध्यातून तेल येते म्हणून गिअरबॉक्स बदलण्याचे मला काहीच कारण दिसत नाही. त्या सांध्यातून टपकणाऱ्या तेलाचे तीन उगम संभवतात. एक, इंजिनच्या मागच्या टोकाचे सील. तेव्हा तेल काळपट-पिवळे असते आणि त्याला इंजिन ऑइलचा वास येतो. दोन, टॉर्क कन्व्हर्टरचे (इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सकडे पोहोचवणाऱ्या भागाचे) सील, म्हणजे गिअरबॉक्सच्या पंपाच्या तोंडाशी असलेले रबरी कडे. आणि तीन, ज्याकडे घाईत दुर्लक्ष होते ते : वरच्या बाजूची एखादी कूलरची रबरी नळी, तिचा क्लॅम्प किंवा एखाद्या सेन्सरची ओ-रिंग झिरपते आणि तेल आवरणावरून घरंगळत येऊन सर्वांत खालच्या कडेशी, म्हणजे नेमके त्या सांध्याशी थेंब धरते. वरचा भाग आरशाने आणि टॉर्चने पाहिल्याशिवाय पहिल्या दोहोंचे नाव घेऊ नये.

कन्व्हर्टरचेच सील निघाले तर मात्र खर्च आहे. सील स्वतः स्वस्त असते, पण तेथपर्यंत पोहोचण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि सारे पैसे त्या मजुरीत जातात. असा निर्णय घेतलात तर दुकानदाराकडून दोन गोष्टी लिहून घ्या : पंपातील बुश, म्हणजे कन्व्हर्टरला आधार देणारे धातूचे कडे, झिजली आहे का ते तो तपासेल, कारण झिजलेल्या बुशीत कन्व्हर्टर डगमगतो आणि नवे सील काही महिन्यांत पुन्हा फाटते, आणि तेवढे उघडलेच आहे तर इंजिनच्या मागचे सीलही तेव्हाच बदलले जाईल.

पण आपल्या वापरात थांबण्याचा मार्गही तितकाच रास्त आहे. होंडाच्या या गाडीला दांडी आहे आणि तिची रीत इतर अनेक गाड्यांहून वेगळी आहे : गाडी पूर्ण गरम करून सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद करावे आणि बंद केल्यापासून ६० ते ९० सेकंदांच्या आत मोजावे. इंजिन चालू ठेवून मोजण्याची ज्यांना सवय आहे ते येथे हमखास चुकतात. दर रविवारी मोजून वहीत मैल आणि पातळी लिहा. दोन खुणांमधले अंतर उतरायला महिने लागत असतील तर तेल घालत गाडी वापरत राहा. एका आठवड्यात उतरत असेल तर दुरुस्ती टाळता येणार नाही. आपली गाडी बनली तेव्हा तिच्यात झेड-१ तेल होते. होंडाने त्याच्या जागी डीडब्ल्यू-१ आणले आहे, तेच घालावे. आणि गाडी “ड्राइव्ह”मध्ये टाकल्यावर क्षणभर काहीच होत नाही, नंतर धक्का बसतो, किंवा चढावर इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे झाले तर आठवड्याची वाट पाहू नका. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधील क्लच याच तेलाच्या दाबाने पकड घेतात. पातळी खाली गेली की पंप हवा ओढतो, दाब पडतो, क्लच घसरून जळतात आणि त्यानंतर गळती बंद केली तरी जळालेला क्लच परत येत नाही.

प्रश्न (डेट्रॉइटजवळून) : २००६ च्या डॉज ग्रँड कॅरॅव्हनचे गिअरबॉक्स तेल आणि फिल्टर मी स्वतः बदलले. आता पॅनच्या कडेने गळते. बोल्ट आणखी आवळू का?

उत्तर : कृपया नको. पॅनचा पत्रा पातळ असतो. बोल्ट जास्त आवळले की भोकांच्या भोवतालचा पत्रा वर उचलला जातो, दोन बोल्टांच्या मध्ये फट पडते आणि जितके आवळाल तितके जास्त गळते. पॅन उतरवा, त्याची कड सपाट लाकडावर ठेवून लहान हातोडीने हलकेच बसवून घ्या आणि सरळ पट्टी लावून तपासा. आपल्या गाडीतील चार गिअरच्या गिअरबॉक्सला मूळ रचनेत कागदी गॅस्केट नसून सिलिकॉनची सलग ओळ असते. ती धरण्यासाठी दोन्ही पृष्ठभाग तेलाचा अंशही न राहील असे पुसलेले हवेत, आणि बहुतेक घरगुती कामे येथेच फसतात, कारण वरून तेल थेंबथेंब निथळतच असते. ते निथळू द्यावे, अगदी रात्रभर. मग ओळ घालावी आणि सिलिकॉनच्या वेष्टनावर दिलेला वेळ पूर्ण झाल्यावरच तेल भरावे.

तेल एटीएफ+४ (क्रायस्लर-डॉज गाड्यांसाठी ठरवलेले ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल) हेच घालावे. या गिअरबॉक्सचा “सगळ्यांना चालणाऱ्या” तेलांशी जुना वैरभाव आहे आणि चुकीच्या तेलावर तो वेग धरताना थरथरतो. एटीएफ+४ चा लाल रंग टिकाऊ नसतो, तो लवकर तपकिरी पडतो. त्यामुळे केवळ रंग पाहून तेल जळाले असे कोणी सांगितले तर मानू नये. तिकडे डेट्रॉइटला हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून पॅनकडे लक्ष असतानाच कूलरकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्यांवरूनही कापड फिरवून पाहा. मिठाने सडलेली नळी एकदम फुटते आणि तेव्हा तेल मिनिटांत रिकामे होते. गाडीखाली जाताना केवळ जॅकवर विसंबू नका, स्टँड लावा.

प्रश्न (कोल्हापूर) : गाडी रोज चालवली तर एक थेंब नाही, पण आम्ही पंधरा दिवस बाहेरगावी गेलो की खाली थारोळे. गळती थांबवणारे बाटलीतले औषध घालावे का?

उत्तर : आपण दिलेले लक्षण फार उपयोगी आहे. इंजिन चालू असताना बरेच तेल टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि वरच्या मार्गांत असते. गाडी दिवसेंदिवस उभी राहिली की ते हळूहळू खाली पॅनकडे येते, तेथील पातळी नेहमीपेक्षा वर चढते आणि एरवी कोरडी राहणारी सीले तेलात बुडतात. म्हणून गिअर निवडण्याच्या दांड्याचे सील आणि वायरिंगच्या जोडाची ओ-रिंग आधी पाहावी. बऱ्याच गाड्यांत ही दोन्ही कामे गिअरबॉक्स न उतरवता होतात. तेल गरजेपेक्षा जास्त तर भरलेले नाही ना, हेही मोजून घ्यावे.

औषधाबद्दल माझे मत थोडे जुन्या वळणाचे आहे. ही द्रव्ये कडक झालेले रबर मऊ करून फुगवतात. वयाने ताठरलेल्या सीलवर त्याने काही काळ उतार पडतो, हे खरे आहे. परंतु फाटलेले सील, वाकलेला पॅन किंवा सडलेली नळी यांवर त्याचा काही उपयोग नाही, आणि ते चांगल्या सीलांनाही तितकेच मऊ करते. वर्षभरात गाडी विकून टाकायचीच असेल तर घालून पाहा, मात्र गिऱ्हाइकाला तसे सांगा. पाच वर्षे वापरायची असेल तर तेच पैसे ओ-रिंगवर खर्च करा.

प्रश्न (नाशिक) : खाली एकही थेंब नाही, तरी गिअरबॉक्सचे तेल कमी झाले आणि कूलंटच्या टाकीत गुलाबी, दुधासारखे काहीतरी दिसते.

उत्तर : गाडी सुरू करू नका. अनेक गाड्यांत गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर रेडिएटरच्या आतच असतो. तो आतून फुटला की तेल कूलंटमध्ये आणि कूलंट तेलात जाते. बाहेर काही दिसत नाही, म्हणून लोक निर्धास्त राहतात, आणि या साऱ्या पत्रांमध्ये मला सर्वांत काळजीचे वाटले ते हेच. कूलंटमुळे क्लचच्या चकत्यांवरचे अस्तर सुटते. गिअरबॉक्सच्या तेलातही दुधाळपणा आला असेल तर रेडिएटर बदलून तेल अनेकदा धुऊन काढले तरी गिअरबॉक्स वाचेलच याची हमी कोणी देऊ शकत नाही. तेल अजून लाल आणि स्वच्छ असेल तर मात्र आशा बरीच आहे.

प्रश्न (पुणे) : खंबाटकी घाटात तेल गळून इनोव्हा बंद पडली तर टोचन करून आणता येईल का?

उत्तर : मागची चाके रस्त्यावर फिरत असतील तर नाही. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा पंप फिरत नाही, त्यामुळे आतील भाग तेलावाचून फिरत राहतात. जुन्या इनोव्हात आणि क्रिस्टात इंजिनची ताकद मागच्या चाकांवर मिळते, म्हणून मागची चाके उचलावी लागतात किंवा गाडी सपाट ट्रकवर चढवून आणावी लागते. पुढची चाके ओढणाऱ्या गाड्यांत याच्या उलट. दोरी बांधून खाली आणून देतो म्हणणाऱ्याला नम्रपणे नकार द्या, आणि ट्रक येईपर्यंत गाडीखाली डोकावून पाहा : गरम सायलेन्सरच्या नळीवर तेल सांडून धूर येत असेल तर सर्वांना गाडीपासून दूर, कठड्याच्या आतल्या बाजूला उभे करा.