त्या 'आय-सेव्हन'ला हात लावू नका

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी बी.सी.ए. सायन्सच्या पहिल्या वर्षाला, कॉलेज पुण्यात, राहायला होस्टेलवर. बजेट ३५ हजार, ताणून ३६. कराडच्या दुकानदारानं दोन लॅपटॉप दाखवलेत. एक कोरा करकरीत, रायझन ३ ७३२०यू प्रोसेसर (लॅपटॉपचा मेंदू), ८ जीबी रॅम (चालू कामाची तात्पुरती जागा), ५१२ जीबी एसएसडी (फाइली साठवायची जागा), ३४ हजारांना. दुसरा वापरलेला, आय७-६६००यू, १८ हजारांना, आणि वर "इंजिनिअरिंगची पोरंसुद्धा हाच नेतात" ही ग्वाही फुकट. यातला कुठला घेऊ, असं विचारलंय तुम्ही.

मी म्हणेन दोन्ही नको. थोडं लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

मी सोळा वर्षं एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये आहे. जुलैत पोरं नवे लॅपटॉप मिरवत येतात आणि डिसेंबरात तेच लॅपटॉप काखेत मारून माझ्या टेबलापाशी उभी राहतात, "सर, फार हँग होतोय." मग मी उघडून बघतो. काहींचं काम एक रॅम टाकून भागतं, पोरगं खूश होऊन जातं. काहींना मात्र सांगावं लागतं की बाळा, यात आता काहीच करता येणार नाही. या दुसऱ्या गटात आपलं पोर जाऊ नये, एवढ्याचसाठी खरेदीच्या वेळी डोकं लावायचं. एसएसडी नंतर मोठी घालता येते, बॅटरी बदलता येते, बहुतेक मॉडेलांचा कीबोर्डही मिळतो. प्रोसेसर बदलता येत नाही, बोर्डावर डाग देऊन बसवलेली रॅम वाढत नाही, आणि पडदा बदलायचा खर्च ऐकून कुणी बदलत नाही. पैसे या तिघांवर घालायचे.

आता तो आय-सेव्हन. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. ६६०० मधला पहिला ६ म्हणजे सहावी पिढी, साल २०१५. त्यात कोअर, म्हणजे काम करणारे हात, आहेत दोन. पुढे २०१७ मध्ये आठवी पिढी आली तेव्हा साध्या आय५-८२५०यू मध्ये चार कोअर आले. म्हणजे आठव्या पिढीतला 'आय-फाइव्ह' सहाव्या पिढीतल्या या 'आय-सेव्हन'ला सहज मागे टाकतो, पण काउंटरवर ७ हा आकडा ५ पेक्षा मोठा दिसतो आणि तेवढ्यावर माल खपतो. बरं, सावकाश का होईना चालेल म्हणावं, तर तेही नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे नियमित अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टनं दिलेली इंटेलच्या (आय३, आय५, आय७ बनवणारी कंपनी) प्रोसेसरची यादी, एकदोन अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून सुरू होते. दुकानदार जुगाड करून सहाव्या पिढीवरही विंडोज ११ टाकून देतात, सुरुवातीला सगळं छान दिसतं. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. तीन वर्षं वापरायची वस्तू अशा भरवशावर घ्यायची नाही.

कोऱ्याची गोष्ट जरा वेगळी. तो वाईट नाही, पण आकड्यांनी फसवतो. रायझनच्या ७००० मालिकेत नाव वाचायची एक खूण आहे. शाळेतलं एकक, दशक, शतक आठवा. ७३२० मध्ये दशकाच्या घरात २ आहे. तो २ म्हणजे आतली रचना 'झेन २', जी मुळात २०१९ ची. सुरुवातीचा ७ फक्त ते मॉडेल २०२३ च्या मालिकेतलं आहे एवढंच सांगतो. ७५३० मध्ये दशकाच्या घरात ३ आहे, म्हणजे 'झेन ३'. ती एक पायरी वरची. गंमत बघा, 'रायझन ५ ७५२०यू' नावानं रायझन ५ असला तरी आतून तुमच्या ७३२० चा सख्खा भाऊच, चार कोअर आणि झेन २. दुकानदार त्याचे दोन-तीन हजार जास्त मागेल. देऊ नका.

पण त्या कोऱ्याची खरी अडचण रॅमची आहे. ७३२०यू ला जी रॅम चालते ती सरळ बोर्डावरच बसवलेली येते. ८ जीबी म्हणजे कायमची ८ जीबी. त्यातलीही थोडी ग्राफिक्स खातं. पहिल्या वर्षी काही जाणवणार नाही. सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला काय लागतं? बऱ्याच ठिकाणी अजून तो निळ्या पडद्याचा टर्बो सी चालतो (का चालतो ते मला विचारू नका, माझं ऐकतंय कोण), आणि त्याला डॉसबॉक्स नावाच्या, जुने प्रोग्रॅम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गुंडाळून कुठल्याही डबड्यावर पळवता येतं. पण पुढे जावा येईल, डेटाबेस येईल, ब्राउझरच्या पंधरा टॅब उघड्या राहतील, एका कोपऱ्यात यूट्यूबवरचं लेक्चर चालू असेल. शेवटच्या वर्षी प्रोजेक्टसाठी फोनची ॲप बनवायचा अँड्रॉइड स्टुडिओ उघडला की ८ जीबीची दमछाक होते. तो लॅपटॉप घेतलाच असेल कुणी, तर एक युक्ती सांगतो: एम्युलेटर (पडद्यावरचा नकली फोन) चालवू नका, स्वतःचा फोन केबलनं जोडून त्यावर ॲप तपासा. निम्मा भार उतरतो.

मग घ्यायचं काय? तुमच्या बजेटात मी कंपन्यांमधून परत आलेला बिझनेस लॅपटॉप घेईन. मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांना लॅपटॉप देतात, तीन-चार वर्षांनी गठ्ठ्यानं काढून टाकतात, ते साफसफाई होऊन बाजारात येतात. लेनोव्होचे थिंकपॅड टी४८०, डेलचे लॅटिट्यूड ५४९० किंवा ७४९०, एचपीचे एलिटबुक ८४० जी५ हे सगळे आठव्या पिढीचे मिळतात. नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा यांची बांधणी दणकट, बिजागऱ्या घट्ट, कीबोर्ड चांगला, आणि मागचं झाकण काढलं की रॅमचे दोन खाचे समोर दिसतात. मॉडेलच्या शेवटी 'एस' असेल तर मात्र थांबा, कारण टी४८०एस मध्ये निम्मी रॅम बोर्डावर असते. गेल्या महिन्यात आमच्या दोन मुलांनी असेच लॅपटॉप १६ जीबी रॅमसकट २२ आणि २४ हजारांना आणले. तुमच्याकडे ३५ आहेत, त्यामुळे मी आठव्या पिढीवरही थांबणार नाही. दहावी किंवा अकरावी पिढी मिळते का बघा, लॅटिट्यूड ५४२० सारखा. तो मिळाला तर तीन वर्षं निश्चिंत.

रॅमबद्दल पूर्वी मी सगळ्यांना सांगायचो की आत्ता ८ घ्या, दिवाळीत ८ टाका. आता तसं सांगत नाही. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकलेत, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा ओढा एआयच्या सर्व्हरकडे वळला. डीडीआर४ या जुन्या प्रकारच्या रॅमलाही त्याची झळ लागली. म्हणून १६ जीबी बसवलेलाच मागा, त्याचे पैसे आत्ताच द्या.

वापरलेला घ्यायला मन धजत नसेल तर तेही चूक नाही. होस्टेलवरच्या पोरीला जुनी वस्तू कशी देऊ, असं अनेक आयांना वाटतं. मग नव्यात आय३-१२१५यू बघा. नावाला आय३, पण सहा कोअर, दोन मोठे आणि चार छोटे. सेलमध्ये, बँकेच्या कार्डाची सूट धरून तो तुमच्या बजेटच्या काठावर येऊ शकतो. दुकानदाराला एकच प्रश्न विचारायचा: "रॅमचा एक खाचा रिकामा आहे का?" तो "बघून सांगतो" म्हणाला तर बघेपर्यंत उभं राहायचं.

आता जुना घेताना तपासायचं कसं, कारण इथेच लोक पोळतात. आमच्या लॅबमधल्या एका मुलानं ऑनलाइन जाहिरात बघून सुंदर थिंकपॅड आणला होता. दोन महिने मजेत चालला. मग त्यानं विंडोज नव्यानं टाकायला घेतलं, इंटरनेट जोडल्याबरोबर पडद्यावर कुठल्याशा कंपनीचं नाव आलं आणि लॉगिन मागायला लागलं. त्या कंपनीनं आपल्या यादीतून मशीन सोडवलेलंच नव्हतं. विकणाऱ्याचा फोन लागेना. शेवटी त्या पोरानं लिनक्स टाकून दिवस काढले, आणि खरं सांगायचं तर लिनक्स चांगलं शिकला. पण ते नशिबाचं झालं. तुम्ही दुकानातच, वायफाय जोडून, विंडोज रिसेट करून दाखवायला सांगा. अर्धापाऊण तास लागतो, लागू दे. दुसरं, मशीन चालू होताना बायॉसमध्ये (विंडोजच्याही आधीचं, मशीनचं स्वतःचं सेटिंग) जाऊन तिथे पासवर्ड मागतोय का बघा. मागत असेल तर स्वस्तात देतो म्हणाला तरी नको.

बॅटरीसाठी विंडोजमध्येच बॅटरी रिपोर्टची सोय आहे; दुकानातल्या पोराला सांगितलं की तो कमांड टाकून काढून देतो. त्यात दोन आकडे बघायचे, मुळातली क्षमता आणि आत्ता पूर्ण चार्ज झाल्यावरची. पन्नासाची चाळीस झाली असेल तर ठीक. पंचवीस असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून कापा. पडदा पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा करून ठिपके बघा, आणि तो फुल एचडी, म्हणजे १९२० बाय १०८० आहे ना हे सेटिंगमध्ये जाऊन खात्री करा. एकाच मॉडेलमध्ये १३६६ बाय ७६८ चे फिके पडदेही यायचे, जरा तिरकं बघितलं की रंग उडतात. तासन्‌तास कोड वाचणाऱ्या डोळ्यांना तो पडदा नको. कीबोर्डचं प्रत्येक बटण एकदा दाबा, सगळ्या यूएसबीत पेनड्राइव्ह घालून बघा, टाइप-सीनं चार्ज होतोय का बघा, कॅमेरा चालू करा. बिलावर जीएसटी आणि मशीनचा सीरियल नंबर हवा, वॉरंटी किती महिन्यांची तेही तिथेच लिहून घ्या. तोंडी वॉरंटी दुकानाच्या पायरीपर्यंतच चालते.

आणि हो, खरेदी कराडला करू नका. तुमच्या दुकानदाराशी वैर नाही माझं. पण मुलगी पुण्यात राहणार. बिघडलं की ती एसटीनं लॅपटॉप घेऊन कराडला येणार का? पुण्यातच घ्या, पीएमपीच्या बसनं जाऊन येता येईल अशा ठिकाणी. शक्यतो मुलीला घेऊन जा, तिला तो हातात धरून वजन बघू दे. तिच्या पाठीवर जाणार आहे तो, आपल्या नाही.

खाली प्रतिक्रियेत काकडेदादांनी विचारलंय की त्यांच्या मुलाला सिव्हिलला हेच चालेल का. ऑटोकॅडपुरतं चालेल, विद्यार्थ्यांना ऑटोडेस्क फुकट वापरू देते, पायरेटेड घेऊ नका. पण रेव्हिट (इमारतींच्या थ्रीडी आराखड्यांचं सॉफ्टवेअर) किंवा मोठी थ्रीडी मॉडेलं करायची असतील तर वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं आणि हिशोब पन्नासच्या पुढे जातो. पहिलं वर्ष लॅबवर काढा, दुसऱ्या वर्षी काय लागतं ते कळल्यावर घ्या. कॉमर्सवाल्यांना टॅली आणि एक्सेल, त्यांनी विंडोजच घ्यावं, मॅकच्या मोहात पडू नये. आणि आठवी-नववीच्या मुलांना स्वतंत्र लॅपटॉप लागतो असं मला अजून पटलेलं नाही. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसीचा (एसएसडीऐवजी येणारी स्वस्त साठवण) सेलेरॉन, म्हणजे सर्वांत स्वस्तातल्या प्रोसेसरचा लॅपटॉप, त्यांच्या गळ्यात मारतात, तो तर कुणीच घेऊ नये. विंडोजचे अपडेट उतरवतानाच त्याची जागा संपते.

पैशांबद्दल एक. मुलीचं शैक्षणिक कर्ज होणार असेल तर बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत कोर्ससाठी गरजेच्या कॉम्प्युटरचा खर्चही धरता येतो. शाखेत विचारा, दुकानाचं कोटेशन मागतील. आणि व्हॉट्सॲपवर फिरणारी 'पंतप्रधान मोफत लॅपटॉप योजना'ची लिंक उघडू नका, पीआयबीच्या (केंद्र सरकारचं पत्र सूचना कार्यालय) फॅक्ट चेकनं असले मेसेज खोटे म्हणून जाहीर केलेत. एमएस ऑफिससाठी (वर्ड, एक्सेल) वेगळे पैसे मोजू नका, लिबरऑफिस फुकट आहे. उरलेल्यातून एक बरी पाठीची बॅग आणि साधा माउस घ्या.

पुण्याला जाल तेव्हा आवडलेल्या मशीनच्या मागच्या स्टिकरचा फोटो आणि बॅटरी रिपोर्टचे दोन आकडे इथे टाका. सीरियल नंबर तेवढा झाका. मी रात्री नऊनंतर असतोच, बघून सांगतो.