वँगरॅटाला यायचं तर शनिवारचं आधी बघ

भावा,

तुझा मेसेज दोनदा वाचला. बायकोला वँगरॅटाच्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागतेय, ऑस्ट्रेलियाचा ४९१ व्हिसा हातात आलाय, तू सिव्हिलवाला, पोरगी सहा वर्षांची. एवढ्याशा गावात आपण एकटे पडू का, त्यापेक्षा मेलबर्नला राहिलेलं बरं नाही का, असं विचारतोयस. आणि जाता जाता एक ओळ टाकलीस : "दादा, तिथं सगळीकडं फूटी-फूटीच दिसतंय, त्याचं आपण काय करायचं?" खरा प्रश्न तोच आहे. बाकीचं आधी उरकतो.

मेलबर्न ४९१ वर चालतच नाही. व्हिसा पाच वर्षांचा, त्यातली तीन रीजनल भागात (मेलबर्नसारखी महानगरं सोडून) नियमानं काढलीस की १९१ ला, म्हणजे पीआरला (कायमच्या वास्तव्याला) अर्ज करता येतो. वँगरॅटा त्यात बसतं. मेलबर्नपासून गाव अडीचशे किलोमीटर, ह्यूम फ्रीवेनं पावणेतीन तास धर. ट्रेन आहे, पण गाडीशिवाय इथं हात बांधल्यासारखं होतं. थंडीत सकाळी काचेवरचा बर्फ खरवडायचा आणि उन्हाळ्यात चाळीस डिग्री सोसायचे. डाळ-पिठाची मोठी खरेदी तासाभरावर आल्बरी-वोडोंगाला. गणपतीला मेलबर्न गाठायचं. झालं.

आता फूटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. तू कोल्हापूरचा, त्यामुळं माझं काम सोपं आहे. पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच असली की शाहू स्टेडियमवर काय होतं ते पुण्याच्या माणसाला सांगून कळत नाही, तुला सांगायला लागत नाही. टीम म्हणजे पेठ, तालीम म्हणजे घर. वँगमध्ये (इथले लोक वँगच म्हणतात) तसंच आहे. एक क्लब रोव्हर्स, एक मॅगपाईज. दोघंही ओव्हन्स अँड मरी लीगमध्ये. मरी नदीच्या दोन्ही काठांवरची गावं या लीगमध्ये खेळतात, म्हणजे व्हिक्टोरियातली आणि न्यू साउथ वेल्समधलीही.

खेळ आपला फुटबॉल नव्हे. चेंडू लांबुळका, मैदान क्रिकेटचंच, एका बाजूला अठरा जण. चार खांब असतात. मधल्या दोनांतून लाथेनं मारला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. चेंडू फेकायचा नाही, एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनं मारायचा. किमान पंधरा मीटरवरून आलेली किक हवेतच झेलली तर थांबून निवांत मारायला मिळते, आणि ती झेलण्यासाठी माणसं एकमेकांच्या खांद्यावर गुडघे टेकून चढतात. पहिल्यांदा बघशील तेव्हा दंगा चाललाय असं वाटेल. तिसऱ्या मॅचला तूच पंचाला शिव्या देशील.

माझं पहिलं वर्ष वाईट गेलं हे तुला सांगायलाच हवं. भाड्याच्या घरासाठी सात अर्ज नाकारले गेले. इथं आधी राहिल्याचा दाखला नाही म्हणून घर नाही, आणि घर नाही म्हणून दाखला नाही. ऑफिसातली माणसं गोड बोलायची आणि शुक्रवारी पाच वाजता गायब व्हायची. एका जून महिन्यात शनिवारी, घरी करमेना म्हणून, मॅचला गेलो. लोकांनी गाड्या मैदानाच्या कुंपणाला तोंड करून लावलेल्या, आत बसून ब्लँकेट पांघरून बघतायत, गोल झाला की सगळे मिळून हॉर्न. मी एका कोपऱ्यात कॉलर वर करून उभा.

तिसरा क्वार्टर संपला आणि सगळं पब्लिक आत शिरलं. म्हाताऱ्या, पोरं, कुत्री, हातात कागदी पिशवीतला गरम मीट-पाय (खिमा भरलेली कचोरीच म्हण) घेतलेले बाप्ये. मी कुंपणाला चिकटून. आपल्याकडं असं मैदानात उतरलं तर पाठीवर काठीच बसते. शेजारचा थर्मासवाला म्हातारा वळून म्हणाला, इथनं काय ऐकू येणार तुला, चल की. गेलो. खेळाडूंचा गोल, त्याभोवती माणसांचा गोल. घामानं भिजलेल्या अंगातून थंडीत वाफा निघत होत्या, मालिशच्या औषधाचा वास नाकात चढत होता. थेट तालमीत उभं राहिल्यासारखं. मधे कोच, बोट नाचवत ओरडतोय, आणि त्याच्यापासून चार फुटांवर मी. माझ्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. तो माझा या गावातला पहिला चांगला दिवस.

परत येताना म्हाताऱ्यानं बॉब रोझचं नाव काढलं. हे नाव पाठ कर. सगळा वँग यात कळतो.

रोझ कॉलिंगवूडचा, म्हणजे मेलबर्नच्या एका मोठ्या फूटी क्लबचा. १९४६ ते १९५५, दीडशेवर सामने. क्लबच्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूची कोपलंड ट्रॉफी चार वेळा, १९५३ ची प्रीमियरशिप, म्हणजे लीगचं विजेतेपद. मूळचा मरीकाठच्या नायाह वेस्टचा, खेड्यातलाच पोरगा. त्याचे भाऊही कॉलिंगवूडकडून खेळले. ऐन भरात असताना, सत्ताविसाव्या वर्षी, त्यानं मेलबर्न सोडलं आणि १९५६ ला वँगरॅटा रोव्हर्सचा कॅप्टन-कोच झाला. आज कुणी असं केलं तर डोकं फिरलं म्हणतील. पण तेव्हा हिशेब वेगळा होता. मेलबर्नच्या लीगनं १९३० मध्ये कूल्टर लॉ म्हणून नियम आणून खेळाडूचं मानधन बांधून टाकलं, सुरुवातीला मॅचला तीन पौंड. स्टार असो की बदली, दर तोच. गावच्या क्लबांना ते बंधन नव्हतं. गावात गहू होता, लोकर होती, आणि शेजारच्या गावाची खोड मोडायची हौस होती. ते चांगले पैसे द्यायचे, वर नोकरी नाहीतर धंद्याची सोय लावून द्यायचे. रोझनं वँगमध्ये खेळाच्या सामानाचं दुकान चालवलं. शनिवारी मैदानात, सोमवारी गल्ल्यावर. कोल्हापूरच्या वस्तादाला दरबारचा खुराक असायचा, इथं ते काम गावानं केलं.

गंमत बघ. कॉलिंगवूडही मॅगपाईज, काळे-पांढरे. आणि वँगमध्ये हा आला तो काळ्या-पांढऱ्यांच्या विरुद्ध पेठेत. रोव्हर्स १९५० ला या लीगमध्ये आलेले, एकही प्रीमियरशिप नाही. यानं १९५८ आणि १९६० अशा दोन आणून दिल्या, तेही स्वतः खेळून. कॅप्टन-कोच म्हणजे तेच, ओरडायचंही आपणच आणि मारही आपणच खायचा.

१९६२ नंतर तो परत गेला आणि १९६४ पासून कॉलिंगवूडचा कोच झाला. पुढचं ऐकून वाईट वाटतं. तीन फायनल्स हरला. १९६४ ला चार गुणांनी, १९६६ ला एका गुणानं. १९७० ला १,२१,६९६ प्रेक्षकांसमोर हाफटाइमला ४४ गुण पुढं असताना कार्लटनकडून दहा गुणांनी. १९७४ ला मुलगा रॉबर्ट, व्हिक्टोरियाकडून क्रिकेट खेळणारा, गाडीच्या अपघातात कायमचा लुळा झाला. आईबापांनी त्याचं सगळं केलं. रोझ २००३ ला गेला. मेलबर्नवाले त्या तीन फायनल्स मोजतात. तो थर्मासवाला म्हातारा म्हणाला, त्याच्या दुकानातनं मी पहिले बूट घेतले, लेस त्यानंच बांधून दाखवली.

म्हणून सांगतो, बाहेरचा माणूस आत घ्यायची सवय या गावाला जुनी आहे, फक्त काहीतरी काम अंगावर घ्यायला लागतं. तुला कोच व्हायचं नाही. पण क्लबला कँटीनमध्ये कांदे भाजणारा लागतो, पाण्याच्या बाटल्या घेऊन पळणारा लागतो, स्कोअरबोर्डवरचे आकडे बदलणारा लागतो. मी कांद्यांपासून सुरुवात केली. तिसऱ्या आठवड्यात शेजारी सॉसेज उलटणाऱ्या बाईनं विचारलं, राहतोस कुठं? अर्जांचं सांगितलं. तिच्या भावाचं घर रिकामं होतं. दाखलाबिखला कुणी मागितला नाही.

पोरीला ऑस्किकला, म्हणजे लहान पोरांच्या फूटीच्या वर्गाला घाल, मुली झाडून येतात. बायकोला धावायची आवड असेल तर नेटबॉल बघायला सांग. क्लब एकच, मैदानाला लागूनच कोर्ट, मॅचेस त्याच दिवशी. तिच्या शिफ्ट शनिवारी पडतील तेव्हा भांडू नका, हॉस्पिटलात कुणीतरी बदलून देतं. सराव मंगळवार-गुरुवार, गुरुवारी क्लबात जेवण आणि टीम जाहीर होते. तिथं ये, कुणी बीअर पुढं केली आणि नको असली तर लेमनेड घे, कुणी टोकत नाही. मात्र दारूनंतर बोलणी कधीकधी कडू होतात, "तू मूळचा कुठला" हे चार-चारदा विचारतात, आणि एक-दोघं असे भेटतील की कोपऱ्यात बसून नुसते बघतील. आहेत तसे. कोल्हापुरात नव्हते का?

आणि हो, पेठ निवडायची घाई करू नकोस. दोन्हीकडं एकेकदा जा. मी रोव्हर्सचा, पण माझं ऐकू नकोस.

सीझन एप्रिलमध्ये सुरू होतो. तिकीट मार्चचं मिळत असेल तर तेच काढ, म्हणजे घर लावायला दोन आठवडे मिळतील. पोरीसाठी कान झाकणारी लोकरीची टोपी आईला विणायला सांग, इथल्या विकतच्या टोप्यांत कान उघडे राहतात.