तारखेवर जाऊ नका, पानं उलटा : जुन्या तत्त्वज्ञान-पुस्तकांवरचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार. माझे आजोबा कॉलेजात फिलॉसॉफी शिकवायचे. त्यांच्या ट्रंकेत जॉन लॉक या सतराव्या शतकातल्या इंग्रज तत्त्वज्ञाचं 'एसे कन्सर्निंग ह्यूमन अंडरस्टँडिंग' सापडलं. कातडी बांधणी आहे, टायटल पेज गायब, पण सुरुवातीच्या पत्राखाली २४ मे १६८९ अशी तारीख छापलेली आहे. घरचे सगळे म्हणून राहिले का हे फर्स्ट एडिशन आहे, लाखोंचं आहे. विकायचं नाही, पण खरं काय ते सांगा. – एक वाचक, धरमपेठ

उत्तर : भाऊ, आधी घरच्यांना शांत करा. ती तारीख पुस्तक छापल्याची नाही, लॉकनं अर्ल ऑफ पेम्ब्रोकला लिहिलेल्या अर्पणपत्राची आहे, आणि नंतरच्या कितीतरी आवृत्त्यांमध्ये ती तशीच छापत गेले, अगदी एकोणिसाव्या शतकातल्या स्वस्त प्रतींमध्येसुद्धा. पहिल्या आवृत्तीच्या टायटल पेजवर १६९० आहे (विक्रीला ती १६८९ च्या डिसेंबरातच आली होती), आणि ती फोलिओ, म्हणजे चांगलं फूटभर उंच, टेबलावर ठेवूनच वाचावं असं पुस्तक. तुमचं केवढं आहे ते तुम्ही लिहिलंच नाही.

पण टायटल पेज नसलं तरी अडत नाही, कारण लॉक नव्या आवृत्त्यांत भर घालत बसायचा आणि तीच आपल्या कामाची. दुसऱ्या भागातलं सत्ताविसावं प्रकरण काढा, 'आयडेंटिटी अँड डायव्हर्सिटी'. ते १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत आलं. मग त्याच भागातलं तेहेतिसावं, 'असोसिएशन ऑफ आयडियाज', आणि चौथ्या भागातलं एकोणिसावं, 'एन्थुझिअॅझम', ही दोन्ही १७०० च्या चौथ्या आवृत्तीत आली. ही शेवटची दोन प्रकरणं तुमच्या प्रतीत असतील तर ती प्रत १७०० च्या आधीची असूच शकत नाही, विषय संपला.

आता अलीकडची हद्द. छपाईत 'एस' कुठेकुठे 'एफ'सारखा लांब दिसतो का बघा, इंग्रजी छपाईतून तो साधारण १८०० च्या आसपास गेला, त्यामुळे दिसला तर पुस्तक बहुतेक अठराव्या शतकातलं. एखादं पान खिडकीशी उजेडात धरा, जाळीसारख्या समांतर रेषा दिसल्या तर तो बहुतेक जुन्या चौकटीवर हातानं केलेला कागद. बिनरेषांचा गुळगुळीत कागद बास्करव्हिल या इंग्रज मुद्रकानं १७५७ ला छापलेल्या व्हर्जिलच्या काव्यापासून पुस्तकांत यायला लागला पण सर्रास व्हायला शतक संपायला आलं. एवढं झालं की इंटरनेट आर्काइव्हवर लॉकच्या अठराव्या शतकातल्या आवृत्त्यांचे स्कॅन आहेत, त्यातल्या एखाद्या पानाच्या ओळी कोणत्या शब्दावर संपतात ते तुमच्या पानाशी ताडून बघा, जिथे ओळीन् ओळ जुळेल ती तुमची आवृत्ती. एक दुपार जाईल, पण कोणा 'एक्सपर्ट'ला पैसे द्यायची गरज नाही.

किंमत? टायटल पेज नसलेल्या सुट्या प्रतीला बाजार फारसा विचारत नाही. पण समासात आजोबांनी पेन्सिलनं काही लिहिलं असेल तर कृपा करून खोडरबर लावू नका, माझ्या मते त्या पुस्तकात तेच सगळ्यात दुर्मिळ आहे.

प्रश्न : मला बँकेतून रिटायरमेंट मिळाली, आता हॉब्स, स्पिनोझा, डेकार्ट यांच्या मूळ आवृत्त्या जमवायच्या म्हणतो. परदेशी विक्रेता हॉब्सच्या 'लेव्हायथन, १६५१' ची प्रत देतोय. घेऊ का? – एक वाचक, मनीषनगर

उत्तर : काका, पैसे पाठवायच्या आधी त्याला टायटल पेजचा क्लोजअप मागा आणि मधलं चित्र बघा. १६५१ साल आणि अँड्र्यू क्रूक हे प्रकाशकाचं नाव छापलेल्या 'लेव्हायथन'च्या तीन वेगवेगळ्या आवृत्त्या आहेत. एकीवर डोकं, एकीवर अस्वल, एकीवर नुसती वेलबुट्टी. खरी पहिली डोक्याची, बाकी दोन बऱ्याच नंतर छापून जुनं साल टाकलेल्या. कारण साधं आहे, या पुस्तकाच्या पुनर्मुद्रणाला परवानगी मिळत नव्हती आणि मागणी तर प्रचंड. सॅम्युअल पेपिस या लंडनच्या डायरीकारानं १६६८ च्या डायरीत लिहून ठेवलंय की आठ शिलिंगांचं पुस्तक त्यानं सेकंडहँड चोवीसला घेतलं आणि बाजारात ते तीसला जातंय. म्हणजे भाववाढीची तक्रार तेव्हापासूनची!

स्पिनोझात तर सरळ सरळ थापच. 'ट्रॅक्टेटस थिओलॉजिको-पोलिटिकस' १६७० चं, त्यावर लेखकाचं नाव नाही, गाव हॅम्बर्ग छापलंय पण छापलं अॅमस्टरडॅमला. त्यातही १६७० साल टाकलेल्या क्वार्टो (फोलिओहून लहान आकाराच्या) आवृत्त्या एकाहून जास्त आहेत. १६७७ च्या 'ऑपेरा पोस्थुमा'वर फक्त बी.डी.एस. ही आद्याक्षरं, ना गाव ना प्रकाशक. डेकार्टचं 'डिस्कोर्स' १६३७ ला लायडेनला आलं तेही बिननावाचं. तेव्हा साल आणि गाव वाचून समाधान मानू नका, विक्रेत्यानं कोणत्या ग्रंथसूचीशी ताडलं आणि सगळी पानं मोजली का ते लेखी घ्या. टाळाटाळ केली तर सोडून द्या.

आणि खरं विचाराल तर पेन्शनीवर पहिल्या आवृत्तीच्या नादी लागूच नये. लोकांनी ज्यावरून पिढ्यानपिढ्या अभ्यास केला त्या आवृत्त्या जमवा की! डेकार्टची अॅडम आणि तानरी या संपादकांची मालिका १८९७ पासून निघाली, अभ्यासक अजून तिच्याच पानांचे आकडे देतात. ह्यूमच्या 'ट्रीटाइज'ची सेल्बी-बिगची ऑक्सफर्ड आवृत्ती १८८८ ची, बर्कलेची फ्रेझरची १८७१ ची, स्पिनोझाचं एल्वेसचं इंग्रजी भाषांतर बोन या लंडनच्या प्रकाशकाच्या मालिकेतलं. यातली इंग्रजी पुस्तकं आपल्याकडे कॉलेजांमुळे आली (आपल्या नागपूरचं हिस्लॉप कॉलेज १८८३ चं आहे), त्यामुळे सीताबर्डीवरच्या रद्दीत, जुन्या प्राध्यापकांच्या घरच्या कपाटांत, लायब्ररीनं काढून टाकलेल्या गठ्ठ्यांत असलं काही निघू शकतं. लायब्ररीच्या प्रतीवर 'विथड्रॉन'चा शिक्का आहे का तेवढं बघा, नसेल तर ते पुस्तक हरवलेलं किंवा पळवलेलं असू शकतं, घेऊ नका.

प्रश्न : उन्हाळ्यात कूलर लावावाच लागतो, पुस्तकांना चालेल का? कसर पण लागली आहे. – एक वाचक, महाल

उत्तर : ताई, पंचेचाळीस डिग्रीत कूलर बंद करा असं सांगायची माझी हिंमत नाही, पण कपाट त्याच्या झोताच्या समोर नको, दमट हवेनं बुरशी धरते. भिंतीला चिकटवूनही ठेवू नका, पावसाळ्यात ओल येते. कसर दिसली तर पुस्तक प्लास्टिक पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीजरमध्ये आठ-दहा दिवस ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, पुस्तक खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा. डांबरगोळ्या पानांत ठेवू नका.

एक गंमत सांगते, १६५० चा कागद चिंध्यांचा असल्यानं बरेचदा १९१० च्या लाकडाच्या लगद्याच्या कागदापेक्षा धडधाकट असतो, म्हणून जास्त काळजी तुमच्या 'नव्या' पुस्तकांची घ्या. जुन्या कातडीला तेल लावू नका, आणि फाटलेल्या पानाला सेलोटेप तर मुळीच नाही, त्याचा चिकट डाग कागदातून निघत नाही.