हात पुन्हा पिवळ्या घडावरच जातो

प्रश्न : मी दिंडोरीकडच्या एका पॅकहाऊसमध्ये द्राक्षाचे घड निवडते. तीन आठवडे हिरवाच माल भरायचा होता. पिवळसर घड दिसला की उचलून वेगळ्या क्रेटमध्ये. आता दुसऱ्या गिऱ्हाइकाला पिवळसरच हवाय. तरी माझा हात पिवळ्यावर जातो आणि घड त्याच जुन्या वेगळ्या क्रेटमध्ये पडतो. दोनदा बोलणी बसली. चष्मा नुकताच तपासलाय. असं का होतं?

उत्तर : ताई, चष्म्याला दोष देऊ नका. आधी कशाला हात घातला होता, ते डोळे विसरत नाहीत.

१९७७ साली शिफ्रिन आणि श्नायडर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी जवळजवळ तुमचंच काम लोकांना दिलं होतं, फक्त घडांऐवजी इंग्रजी अक्षरं. बी ते एलमधली व्यंजनं शोधायची, क्यू ते झेडमधली सोडून द्यायची. २,१०० वेळा घोटून घेतलं आणि मग उलटं केलं : आता सोडलेली शोधा, शोधलेली सोडा. माणसं पहिल्या दिवसापेक्षाही वाईट चुकली! नजर जुन्या अक्षरांवरच ओढली जायची, आणि नवी घडी बसायला पहिल्या खेपेपेक्षा जास्त वेळ लागला.

याचंच एक छोटं रूपही आहे. १९९४ मध्ये माल्कोविच आणि नाकायामा यांनी दाखवलं की मघाशी ज्या रंगाची आकृती शोधली, तोच रंग पुन्हा आला तर ती लवकर सापडते. हा परिणाम जेमतेम अर्धा मिनिट टिकतो. पुढचा रंग कोणता हे आधी माहीत असूनही फारसा फरक पडत नाही. म्हणजे सुपरवायझरने ओरडून सांगितलं तरी डोळ्यांपर्यंत ते लगेच पोचत नाही. (हे त्यांना वाचून दाखवायला माझी हरकत नाही.)

माझी पोपटी स्कूटर विकून वर्ष झालं. मेनरोडवर पार्किंगमध्ये शिरलो की आजही आधी पोपटी गाडी दिसते, मग आठवतं की आपली आता करडी आहे.

मला विचाराल तर क्रेटच्या जागा बदलून बघा. उजवीकडचा क्रेट डावीकडे गेला, की हात क्षणभर थबकतो, आणि तेवढ्यात घडाकडे नीट बघून होतं. बदलाच्या दिवशी पहिले काही क्रेट शेजारणीकडून तपासून घ्या. आणि शक्य असेल तर एकाच पाळीत हिरवा-पिवळा असा दोन्ही माल मागून घेऊ नका.